सहाव्या डावानंतर बोलायचं नसतं

ही गोष्ट कोणाच्या काकाच्या मित्राच्या बाबतीत घडलेली नाही.

माझ्या बाबतीत घडली आहे.

रविवार, नऊ ऑगस्ट १९८७. दुपारचे दोन. टॅलबट गावचं कूगन पार्क, वरून पहिली रांग.

भुताच्या गोष्टीला लोकांना काळोख लागतो. इथं लख्ख ऊन होतं, हजारेक माणसं होती आणि माझ्या मांडीवर गरम शेंगांची पुडी होती. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पान उलटा. मला कोणाची समजूत घालायची नाही.

जुन्या मैदानांचं कौतुक करणारी माणसं मला सहन होत नाहीत. ती हिरव्या रंगाची लाकडी बाकडी, हातानं लटकवलेले धावांचे आकडे, ऑर्गन वाजवणारी म्हातारी... अहो, मला काय सांगता? मी त्या फळ्यांवरच वाढले. माझ्या मांडीत त्यांची कुसळं गेली आहेत. अमेरिकेतल्या आमच्या कोळशाच्या पट्ट्यात रविवारी आधी चर्च आणि मग बेसबॉल, तिसरं काही नव्हतंच.

आणि माझाही जीव होता त्यावर. खोटं कशाला बोलू?

त्या दिवसानंतर मात्र मी कुठल्याही मैदानाच्या फाटकातून आत गेलेले नाही.

माझं नाव रोझॅन विटेक. क्लेम माझा भाऊ, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. वडील खाणीत जात आणि तिथून सरळ दारूच्या गुत्त्यात. मग क्लेमला वाढवलं कोणी? मी. शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवून त्याचे बूट आणले, ग्लोव्ह आणले. तो पिचर झाला, म्हणजे चेंडू टाकणारा. चेंडू असा टाकायचा की समोरचा बॅट फिरवायचा आणि चेंडू तोपर्यंत मागच्याच्या हातात गेलेला असायचा.

पण मोठ्या क्लबांकडून बोलावणं आलं नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. सहा वर्षं तो डोंगराळ गावांच्या लहान संघांतून खेळत राहिला. वय सव्वीस, म्हणजे या धंद्यात म्हातारपणच.

त्या आठवड्यात त्याच्या मॅनेजरनं तोंडावर सांगितलं होतं, "रविवारी शेवटचं बघतो. जमलं तर ठीक, नाहीतर सामान बांध."

आणि त्याच रविवारी मोठ्या क्लबचा माणूस येणार होता, पोरं हेरायला.

म्हणजे एकच दुपार. त्या एका दुपारवर क्लेमचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. आणि माझंही, असं मी समजत होते.

सामना टॅलबटच्या मैदानावर होता, म्हणजे आम्ही पाहुणे. माझ्याबरोबर टेकला आत्या होती, वडिलांची मोठी बहीण. वय सत्तर. हातात पेन्सिल आणि मांडीवर वही. प्रत्येक चेंडूची खूण ती त्या वहीत करायची. आजवर कोणाशीही बोलताना तिची पेन्सिल थांबलेली मी पाहिली नव्हती.

"वर बसू," आत्या म्हणाली. "सावली आहे. आणि पाठ टेकायला भिंत आहे."

"वर चढवेल का तुला?"

"तुझ्याआधी पोचते बघ. कारखान्यात बसून बसून तुझंच बूड जड झालंय."

आम्ही अगदी वरच्या रांगेत बसलो. आमच्या मागं फक्त फळ्यांची भिंत होती. हे नीट लक्षात ठेवा.

छान होतं सगळं. गवत नुकतं कापलेलं. खाली कोणीतरी सॉसेज भाजत होतं. मधल्या मैदानामागून कोळशाची गाडी गेली तेव्हा ड्रायव्हरनं शिट्टी दिली आणि लोकांनी टोप्या हलवल्या. मी आत्याला शेंगा सोलून देत होते. वाटलं, इथं काहीही वाईट होऊ शकत नाही.

क्लेम चेंडू टाकायच्या उंचवट्यावर येऊन उभा राहिला.

आणि मागून आवाज आला.

"अरे ए लंबू! हात आहे की ओली दोरी? तुझा चेंडू पोचेपर्यंत माझ्या आजीचा स्वेटर विणून होईल!"

पुरुषाचा आवाज. जाड, खरखरीत.

मला राग नाही आला. प्रत्येक जुन्या मैदानावर असा एक तोंडाळ असतोच. पाहुण्या पिचरला टोमणे मारणं हेच त्याचं काम. लोक हसतात, कोणी त्याला बिअर पाजतं. मी पण हसले.

पण...

माझ्याशिवाय कोणीच हसलं नाही.

टॅलबटच्या लोकांनी तर हसायला हवं होतं, त्यांचाच माणूस होता ना? पण आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं नुसती मान ताठ केली. तिचा नवरा जरा सरकून बसला.

मी मागं वळून पाहिलं. भिंत. फळ्यांच्या फटींतून ऊन येत होतं.

बाकड्यांखाली असेल, मला वाटलं. लोक सिगारेट ओढायला खाली जातात. फळ्यांमध्ये हातभर मोकळी जागा, आवाज कुठूनही येतो.

दुसरा डाव झाला, तिसरा झाला. क्लेम असा खेळत होता की काय सांगू! टॅलबटची पोरं यायची, हवेत बॅट फिरवायची आणि परत जाऊन बसायची. आमच्या संघानं एक धाव काढली होती. बॅटवाला उभा राहतो त्या होमप्लेटच्या मागं गवती हॅट घातलेला एक माणूस वेग मोजायचं यंत्र घेऊन बसला होता. तोच तो, हेरायला आलेला. सुरुवातीला जांभया देत होता. आता पुढं वाकून बसला होता.

"सव्वीस वर्षांचा घोडा! अजून किती दिवस बहिणीच्या जिवावर खेळणार रे?"

हे जरा लागलं. पण डोंगरातली गावं ती, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं.

क्लेमनं आमच्याकडं पाहिलं. मला वाटलं, बिचारा धीर मागतोय.

मी हसून हात हलवला.

पाचव्या डावानंतर आत्यानं वहीत खूण केली आणि ती वहीकडं बघतच राहिली. मी पण पाहिलं. टॅलबटच्या बाजूला एकही फटका नव्हता.

तुम्हाला सांगायला हवं. पिचरनं नऊच्या नऊ डाव समोरच्याला एकही धड फटका मारू दिला नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. उभ्या आयुष्यात एकदा बघायला मिळालं तरी नशीब. पण तो होत असताना तो शब्द उच्चारायचा नाही. कोणीच नाही. उच्चारला की मोडला. त्याचेच साथीदार बाकावर त्याच्यापासून दूर बसतात. त्याच्याशी कोणी बोलत नाही, पाणीसुद्धा विचारत नाही. आणि बघणारे मुकाट होतात. सहाव्या डावानंतर तर शेजाऱ्याला हवापाण्याचंही विचारायचं नाही, न जाणो तोंडातून काय निघून जाईल. आमच्याकडं लहान पोरांनाही हे माहीत असतं.

हसण्यासारखं आहे ना? हसा.

त्या नियमानंच आमचा घात केला.

सहावा डाव सुरू झाला. मैदान हळूहळू गप्प होत गेलं. ऑर्गनही थांबला.

आणि मागून...

अगदी हळू, लाडानं...

"मिशूऽऽ"

माझ्या हातातली शेंग खाली पडली.

मिशू हे क्लेमचं घरातलं नाव. आई हाक मारायची त्याला तशी. आई गेल्यावर ते नाव कोणी घेतलं नव्हतं. मी नाही, वडिलांनी नाही. आत्यानंसुद्धा नाही.

"मिशू, आईनं किती हाका मारल्या रे?"

उंचवट्यावर क्लेम पुतळ्यासारखा उभा राहिला.

आता जे सांगते ते मी अठरा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आई आजारी होती. मी कारखान्यात. क्लेमला बजावून गेले होते, आईजवळून हलायचं नाही. तो हलला. चेंडू घेऊन मागच्या मोकळ्या जागेत खेळायला गेला. मी घरी आले तेव्हा आई गेलेली होती. एक हात पलंगाबाहेर, टेबलाच्या दिशेनं. टेबलावर पाण्याचा ग्लास.

मी सगळ्यांना सांगितलं, क्लेम घरातच होता, झोपला होता. आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आणि मी त्याला कधी एका शब्दानं बोलले नाही.

कधीच नाही.

"ग्लास टेबलावरच होता, मिशू. हात पुरला नाही तिचा."

क्लेमनं पुन्हा वर पाहिलं. सरळ माझ्याकडं. एवढ्या लांबूनही दिसलं, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी मूठ उंचावली. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे.

देवा रे! मी मूठ उंचावली.

आत्यानं माझं मनगट धरलं. नखं रुतली. ती माझ्या तोंडाकडं एकटक बघत होती. तिची पेन्सिल थांबली होती. तिनं ओठ उघडले, मग मैदानाकडं पाहिलं आणि मिटून घेतले.

सहावा डाव संपत आला होता. बोलायचं नव्हतं.

पण क्लेम मोडला नाही. तो चिडला आणि आणखी जोरात टाकायला लागला. एकामागून एक गडी परत गेले.

सातव्या डावाच्या मध्यात सगळे उभे राहतात, आळस देतात, गाणं म्हणतात. ही रीत सगळीकडं आहे. सगळे उभे राहिले तशी मी जिना उतरून धावले. त्या हलकटाला शोधून काढायचाच होता.

बाकड्यांखाली गेले. शेंगांची टरफलं, चुरगाळलेले कागदी पेले, फळ्यांमधून पडणारे उन्हाचे पट्टे. वर हजार पायांची धडधड.

खाली कोणीही नव्हतं.

जमिनीवर कोणाच्या पावलांच्या खुणाही नव्हत्या. धुळीत फक्त माझ्याच.

मी तिथं होते तेवढा वेळ आवाजही आला नाही. एकदासुद्धा नाही.

बाहेर आले तर जिन्यापाशी लाल टोपी घातलेला म्हातारा उभा होता, तिकिटं बघणारा.

"त्या ओरडणाऱ्याला बाहेर काढा," मी म्हटलं. "काय वाट्टेल ते बोलतोय. हे कसले टोमणे?"

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"लाज वाटायला पाहिजे," तो म्हणाला.

"तेच म्हणतेय मी!"

तो बाजूला थुंकला आणि पाठ फिरवून निघून गेला. टॅलबटची माणसं अशीच, मी मनात म्हटलं. उद्धट.

वर आले तर आमच्या पुढची रांग रिकामी होती. तो नवरा-बायको खाली जाऊन बसले होते. त्यांच्या शेजारचेही. आमच्या भोवती मोकळी जागा पडली होती. आत्या बाकाच्या टोकाला सरकली होती.

आठवा डाव.

"एडी ब्रेननला विसरलास का रे? ओहायोत नोकरी लागली होती त्याला. सोन्यासारखा माणूस! तुझ्या बहिणीला घेऊन जाणार होता. गेली नाही ती. कशी जाणार? तुझं नाक कोणी पुसलं असतं?"

हे ऐकताना एक गोष्ट झाली, ती आजही कबूल करायची लाज वाटते.

मला बरं वाटलं.

एक क्षणभरच. कोणीतरी माझ्या वतीनं बोललं. एवढी वर्षं गिळलेलं कोणीतरी ओकून टाकलं. त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले मला.

मग क्लेमचा चेहरा पाहिला आणि माझी मलाच किळस आली.

नववा डाव. आम्ही एक, टॅलबट शून्य.

पहिला गडी बाद. दुसरा बाद.

एक राहिला. फक्त एक!

आता टॅलबटचे लोकही क्लेमच्या बाजूनं झाले होते. आपला संघ हरला तरी चालेल, पण हे बघायचंय, असं झालं होतं. सगळे उभे होते. गवती हॅटवाला उभा होता. हजार माणसं, आणि शेंग सोलल्याचाही आवाज नाही. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं, तेवढंच.

क्लेमनं हात मागं घेतला...

"मिशू!"

सगळं मैदान ऐकेल असा आवाज. शांत. प्रत्येक अक्षर सुटं.

"मिशू, हा नो-हिटर आहे."

आणि मग ते झालं.

सबंध दुपार त्या आवाजाकडं एकानंही मान वळवली नव्हती. आता सगळ्यांनी वळवली.

खालच्या रांगांतल्यांनी. पलीकडच्या बाजूच्यांनी. आकडे लटकवणाऱ्या माणसानं आपल्या खिडकीतून. पोरांनी, म्हाताऱ्यांनी. हजार चेहरे वर, एकाच जागेकडं.

मी मागं वळले. मागं भिंत होती.

पुन्हा पुढं पाहिलं.

ते सगळे माझ्याकडं बघत होते.

असा तिरस्कार मी आयुष्यात पाहिला नाही. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

क्लेमही बघत होता. चेंडू त्याच्या हातातून सुटला तेव्हा त्याची नजर माझ्यावरच होती.

टण्ण!

चेंडू आमच्या दोन गड्यांच्या मधून गवतात गेला. पहिला फटका. पुढच्यानं तर पहिलाच चेंडू कुंपणापलीकडं, रुळांवर नेऊन टाकला. दोन विरुद्ध एक. सामना संपला. गवती हॅटवाल्यानं यंत्र पेटीत ठेवलं आणि तो निघून गेला.

टॅलबट जिंकलं होतं. पण टाळ्या वाजल्या नाहीत.

मी संघाच्या बसपाशी जाऊन उभी राहिले. क्लेम आला. डोळे लाल.

"अठरा वर्षं मनात ठेवलंस," तो म्हणाला. "घरी बोलली असतीस तर मी ऐकलं असतं. पाया पडलो असतो तुझ्या. पण आज? इथं? सगळ्यांसमोर?"

"क्लेम, मी नव्हते रे! तो माणूस..."

"कोण माणूस?"

"मागं होता. जाड आवाजाचा."

"रोझॅन, ग्लासाचं फक्त तुला माहीत होतं."

तो बसमध्ये चढला. मंगळवारी त्याला संघातून काढल्याचं कळलं, तेही दुसऱ्याकडून.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. आत्या वही पोटाशी धरून बसली होती.

डोंगर उतरल्यावर म्हणाली, "मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. सहाव्या डावापासून."

"मग सांग ना त्याला! मी बोलत नव्हते, सांग!"

"तुझं तोंड मिटलेलं होतं. ओठसुद्धा हलले नाहीत."

मी रडायलाच लागले. सुटल्यासारखं वाटलं.

"पण आवाज तुझाच होता गं, पोरी," आत्या म्हणाली. "पहिल्या डावापासून. दुसऱ्या कोणाचाही नव्हता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? का नाही थांबवलंस?"

"कशी बोलणार? त्याचा तो चालला होता ना."

तेव्हाही तिनं तो शब्द उच्चारला नाही.

लोकांनी मला नंतर बरीच कारणं सांगितली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं असेल. पाद्री म्हणाले, प्रार्थना करा. टॅलबटच्या एका बाईनं सांगितलं, त्या वरच्या रांगेत आमच्यापैकी कोणी बसत नाही. का, ते मात्र तिलाही माहीत नव्हतं. कूगन पार्क पुढं जळालं, आता तिथं टायरचं गोदाम आहे. मला त्यानं काही फरक पडत नाही.

मला छळतं ते वेगळंच. त्या आवाजानं खोटं एकही सांगितलं नव्हतं. आणि त्यातलं एकही वाक्य असं नव्हतं, जे मी कॉलर शिवताना, भांडी घासताना मनात क्लेमला ऐकवलं नव्हतं. अगदी त्याच शब्दांत.

क्लेम माझ्याशी चौदा वर्षं बोलला नाही. टेकला आत्या गेली तेव्हा तिच्या कबरीपाशी त्यानं माझा हात धरला. मग येणंजाणं सुरू झालं. त्याची बायको मॅरिएटा गोड आहे. त्या दुपारबद्दल आम्ही चकार शब्द काढत नाही. मी त्याच्याकडं गेले की सतत काहीतरी बडबडत राहते, हवापाणी, भाज्यांचे भाव, शेजाऱ्यांची कुत्री. गप्प बसायची मला भीती वाटते.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅरिएटाचा फोन आला, "तुम्हाला भेटायचं म्हणतायत. लवकर या."

मी गेले. खोलीच्या दारापर्यंत पोचले. आत तो पलंगावर पडला होता, एक हात बाहेर आलेला. शेजारी मॅरिएटा त्याच्या उशीशी बसलेली.

आणि माझ्या मनात आलं...

यायला नको होतं. पण मनात येणं थांबवता येतं का?

मनात आलं, तुझ्याजवळ कोणीतरी आहे, क्लेम. आईजवळ नव्हतं.

मी तिथंच थांबले. आत पाऊल टाकलं नाही. दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि मागं मागं सरकत व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मनातल्या मनात पाढे म्हणायला लागले. काहीही, पण ते नको.

पाचेक मिनिटं गेली असतील.

दार उघडलं. मॅरिएटा बाहेर आली. व्हरांडाभर शोधत तिनं मला पाहिलं आणि ती तरातरा माझ्याकडं चालत आली. त्या गोड बाईचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"बास करा, रोझॅन," ती म्हणाली. "रडतायत ते. कालच छाती उघडलीय त्यांची. आजच्या दिवस तरी सोडा त्यांना."

माझे हात अजून तोंडावरच होते.